दत्तक, पाल्य आणि परदेश

आपल्या धर्मग्रामांत एखाद्या निपुत्रिक दांपत्याने धर्मभगिनींच्या अनाथालयातून तान्हे मूल घरी आणले, की शेजारीपाजारी सहज म्हणत, ‘त्यांनी मूल दत्तक घेतले.’ व्यवहाराच्या भाषेत ते खरे होते. कायद्याच्या भाषेत मात्र दीर्घकाळ ते खरे नव्हते. १९५६चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा हिंदू, बौद्ध, जैन व शीख यांच्यापुरता होता. ख्रिस्ती, मुस्लिम, पारशी व ज्यू यांच्यासाठी उरला तो १८९०चा पालक व पाल्य कायदा. न्यायालय दांपत्याची ‘पालक’ म्हणून नेमणूक करी आणि मूल त्यांचे ‘पाल्य’ होई. ते सज्ञान झाले की हे नातेही कागदोपत्री संपे. १९२५च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने अशा मुलाला वारसा दिलेला नव्हता. बापाने मृत्युपत्र केले तरच त्याच्या वाट्याला काही येई. ज्या मुलाने त्या घराला जन्मभर ‘आईबाबा’ म्हटले, ते कायद्याच्या लेखी त्या घरात पाहुणेच राहिले.

असे का झाले? दत्तक विधान ही ख्रिस्ती मनाला परकी कल्पना आहे, असा समज काहींनी करून घेतला होता. वस्तुतः कारण धर्मशास्त्रात नव्हते, ते वसाहतीच्या इतिहासात होते. येथील ख्रिस्ती लोकांचे कौटुंबिक कायदे ज्या इंग्लिश कायद्याच्या छायेत घडले, त्या इंग्लंडातच दत्तकाला कायदेशीर मान्यता मिळाली ती १९२६ साली. गोव्याची कथाही निराळी नाही. १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेने दत्तकाला स्थानच दिले नव्हते. ख्रिस्तसभेच्या १९८३च्या धर्मसंहितेत मात्र ११०वे कलम स्पष्ट सांगते, की नागरी कायद्याप्रमाणे दत्तक घेतलेले मूल हे दत्तक घेणाऱ्यांचेच अपत्य मानावे. ८७७व्या कलमात अशा मुलाची स्नानसंस्काराच्या नोंदवहीत नोंद कशी करावी तेही सांगितले आहे, तर १०९४व्या कलमाने दत्तकातून निर्माण होणारे नाते विवाहाला बाधक ठरवून त्या नात्याचे खरेपण मान्य केले आहे. पण येथे अडचण अशी, की धर्मसंहिता नागरी कायद्याकडे बोट दाखवी आणि नागरी कायदा ख्रिस्ती माणसाकडे पाठ फिरवी!

या अडचणीचा धागा परदेशात जाणाऱ्या मुलांच्या इतिहासाशी जुळलेला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर आणि विशेषतः कोरियातील युद्धानंतर एका देशातील अनाथ बालके दुसऱ्या देशातील घरी जाऊ लागली. १९५५ साली अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यातील हॅरी व बर्था होल्ट या शेतकरी दांपत्याने कोरियातून आठ मुले दत्तक घेतली. त्यासाठी अमेरिकी काँग्रेसला खास कायदा करावा लागला. आपल्या शेजारी, १९७१च्या बांगलादेश मुक्तिसंग्रामानंतर अत्याचारित स्त्रियांच्या पोटी आलेल्या अर्भकांना ढाक्यात मदर तेरेसांच्या भगिनींनी आश्रय दिला आणि १९७२ साली त्यांतील काही बालके कॅनडातील कुटुंबांत गेली. या वाटेचा उगम करुणेत होता, हे नाकारता येणार नाही. पण करुणेच्या वाटेवर पैसा येऊन उभा राहिला की काय होते, हेही पुढे दिसून आले.

भारतातून परदेशी जाणाऱ्या मुलांसाठी निराळा कायदा नव्हता. स्वीडनचे वा अमेरिकेचे दांपत्य येथे त्याच १८९०च्या कायद्याखाली अर्ज करी, न्यायालय त्यांना पालक नेमून मूल देशाबाहेर नेण्याची परवानगी देई आणि खरे दत्तक विधान त्यांच्या देशात होई. आता वाचकांनी ही विसंगती ध्यानी घ्यावी. वसईचे ख्रिस्ती दांपत्य आणि स्टॉकहोमचे दांपत्य एकाच न्यायालयात, एकाच कायद्याखाली उभे राहत. स्टॉकहोमला परतल्यावर ते पाल्य त्या घराचे रीतसर अपत्य होई. वसईला परतलेले पाल्य पाल्यच राही. सर्व धर्मीयांना लागू होणारे दत्तक विधेयक १९७२ साली संसदेत आले, पण मुस्लिम समाजातून विरोध झाला आणि १९७८ साली ते मागे घेतले गेले. १९८०च्या विधेयकातून मुस्लिम वगळले, तेव्हा पारशी समाजातील काहींनी हरकत घेतली. या ओढाताणीत अनाथ मुलाची बाजू कोणी मांडली, असा प्रश्न आम्हांस पडतो.

ती बाजू अखेर एका पत्राने मांडली. लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहून, परदेशी दत्तकाच्या नावाखाली संस्थांकडून चाललेल्या गैरव्यवहारांकडे लक्ष वेधले. न्यायालयाने पत्रालाच याचिका मानले आणि ६ फेब्रुवारी १९८४ रोजी न्यायमूर्ती प्र. ना. भगवती यांनी जो निकाल दिला, तो अनेक वर्षे या क्षेत्रातील कायदाच होऊन राहिला. परदेशी दांपत्याने थेट येऊन मूल नेऊ नये. त्याच्या देशातील मान्यताप्राप्त संस्थेने त्याच्या घराची, मिळकतीची, स्वभावाची पाहणी करून अहवाल द्यावा. येथील संस्थाही शासनमान्य असावी. मुलासाठी आधी भारतीय घर शोधावे. जन्मदात्या आईला बाळाच्या जन्मापूर्वी अथवा जन्मानंतर तीन महिन्यांच्या आत त्याग करण्यास कोणी प्रवृत्त करू नये. मूल गेल्यावर पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी आणि पुढील तीन वर्षे दर सहा महिन्यांनी त्याचा प्रगती-अहवाल यावा, असेही ठरले. आमच्या मते या निकालाचे मोठेपण शेवटच्या अटीत आहे. मूल विमानात बसले की जबाबदारी संपली, ही समजूत तिने मोडून काढली.

निकालामागोमाग १९९० साली केंद्रीय दत्तक संस्था, म्हणजे ‘कारा’, स्थापन झाली. २९ मे १९९३ रोजी हेग येथे आंतरदेशीय दत्तकाविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. भारताने तो २००३ साली मान्य केला. तरीही वाट निर्वेध झाली नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आंध्र प्रदेशातील लंबाडा तांड्यांतून गरीब मातांची बाळे, विशेषतः मुली, पैसे देऊन घेतल्याची प्रकरणे उघडकीस आली. कागद सारे व्यवस्थित होते. खोटा होता तो आईचा ‘स्वखुशीचा त्याग’.

ख्रिस्ती दांपत्यांचा प्रश्न सुटला तो या सर्वांच्या बरोबरीने, पण वेगळ्या दाराने. २००० साली मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती फर्डिनो रिबेलो यांनी एका ख्रिस्ती दांपत्याच्या अर्जावर निर्णय देताना सांगितले, की टाकून दिलेल्या मुलाला घर मिळणे हा राज्यघटनेच्या २१व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्याच वर्षीच्या बाल न्याय कायद्याने आणि २००६च्या दुरुस्तीने धर्म न विचारता दत्तकाचे दार सर्वांना उघडले. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने तेच अधिक ठाशीवपणे मांडले. त्यानंतर स्नानसंस्काराच्या नोंदवहीतील नाव आणि नागरी कायद्यातील नाते यांचा मेळ बसला.

आजची पद्धत २०१५च्या बाल न्याय कायद्यावर व २०२२च्या नियमांवर उभी आहे. परदेशी दांपत्याला आपल्या देशातील अधिकृत संस्थेमार्फतच काराकडे नाव नोंदवावे लागते. विवाहाला किमान दोन वर्षे झालेली असावीत आणि मूल व पालक यांच्या वयात पंचवीस वर्षांचे अंतर असावे. दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी पतिपत्नींच्या वयांची बेरीज पंच्याऐंशीच्या पुढे जाता कामा नये. एकट्या पुरुषाला मुलगी दिली जात नाही. त्यागपत्रावर सही केलेल्या आईबापांना फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. नंतरच बालकल्याण समिती मूल दत्तकास मुक्त असल्याचे जाहीर करते. भारतीय घर मिळाले नाही तर मूल परदेशी दांपत्यास दाखविले जाते. मग काराचे ना-हरकत पत्र, जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा आदेश (२०२२पूर्वी तो न्यायालय देई), पासपोर्ट, आणि हेग कराराचे अनुरूपता प्रमाणपत्र. त्यानंतर दोन वर्षे अहवाल.

या नव्या व्यवस्थेत एकल व्यक्तींनाही दत्तकाची मुभा मिळाली, तेव्हा २०१५ साली मदर तेरेसांच्या भगिनींनी हे काम सोडून दिले. त्यांच्या विवेकबुद्धीचा मान राखूनही, त्या पाळण्यांतून मुले घरोघरी जात होती हे आठवून आम्हांस हळहळ वाटते.

जगात मात्र वारे फिरले आहे. २०२१ साली नेदरलँड्सने जुन्या गैरप्रकारांचा अहवाल आल्यावर परदेशी दत्तक थांबविले. २०२४ साली चीनने आपली मुले परदेशी देणे बंद केले. ज्या कोरियातून ही वाट सुरू झाली, तेथील सत्यशोधन आयोगाने २०२५ साली कबूल केले, की मुलांच्या जन्माच्या नोंदी बनावट करून त्यांना बाहेर पाठविण्यात आले होते. त्या पिढीतील मुले आता चाळिशी-पन्नाशीची झाली असून आपल्या जन्मदात्या आईचा शोध घेत आहेत.

भारतातून गेलेल्यांनाही आपले मूळ शोधण्यासाठी काराकडे अर्ज करता येतो. अर्ज ज्याचा त्यानेच करायचा, परक्या मध्यस्थाने नव्हे. नाव गुप्त राखावे असे आईने त्या वेळी लिहून दिले असेल, तर तिची लेखी संमती विचारली जाते. तिने नकार दिला किंवा ती सापडली नाही, तर मुलाला तिचे नाव कळत नाही. तिने कोणत्या परिस्थितीत त्याचा त्याग केला, एवढेच सांगितले जाते.