लोणारच्या दोन बहिणी आणि तीन फासे

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या दैत्यसूदन मंदिरात मान वर करून पाहिले की छतावर लवणासुराच्या वधाचे शिल्प दिसते. कथा या परिसरात सर्वांना ठाऊक आहे. असुर भूमीखाली दडून राहतो. विष्णू देखण्या तरुणाचे रूप घेऊन येतो. असुराच्या दोन बहिणी त्या रूपावर भाळून भावाची लपण्याची जागा सांगतात. देव पायाच्या अंगठ्याने विवराचे झाकण उडवतो आणि असुर मारला जातो. सरोवराचे विवर उल्कापाताने झाले हे विज्ञानाने सिद्ध केले आहे, पण तो आजचा विषय नव्हे. आम्हांला या कथेच्या कसोटीवर एका परक्या खेळाचा इतिहास तपासून पाहावयाचा आहे. कारण भुयार, राक्षस, वेषांतर आणि फितुरी ही त्या खेळाची नित्याची सामग्री आहे.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा तो खेळ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला हा खेळ १९७४ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातून, एका खोक्यात तीन पुस्तिका अशा रूपात प्रसिद्ध झाला. चारपाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एका कल्पित पात्राच्या वतीने बोलतो. एक जण पंच होऊन भोवतालचे जग सांगतो. आणि एखादी कृती सफल झाली की नाही याचा संशय असेल तेथे फासा टाकला जातो. म्हणजे अर्धे नाटक, अर्धा द्यूत.

या पंचाचे कूळ मात्र रणांगणाचे आहे. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यात रायस्वित्झ या अधिकाऱ्याचा युद्धखेळ आला. त्यात नकाशा होता, फासे होते, हानीची कोष्टके होती आणि पंचही होता. कोष्टकांचा भार इतका झाला की १८७६ मध्ये व्हेर्दी द्यु व्हेर्नुआ याने ती बाजूला सारून निर्णय अनुभवी पंचाच्या विवेकावर सोपवला. नियम श्रेष्ठ की नियम लावणारा श्रेष्ठ, हा वाद तेव्हाचा आहे. पुढे १९६९ साली डेव्हिड वेसली याने खेळाडूंना सैन्याऐवजी एका गावातील एकेक व्यक्ती दिली. आर्नेसन त्याच मंडळींतला. सेनापतीचे पात्र झाले ते येथे.

पात्र घडते कसे? १९७४ च्या पुस्तिकेत बळ, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चपळाई आणि मोहिनी असे सहा गुण आहेत. प्रत्येकासाठी तीन फासे टाकावयाचे आणि बेरीज मांडावयाची. विशेष हे की फासे टाकतो पंच, खेळाडू नव्हे. अठरा ही सर्वोच्च बेरीज २१६ वेळांतून एकदा येणार. मराठीत फाशाच्या पडण्याला ‘दान’ म्हणतात, तो शब्द येथे तंतोतंत लागू पडतो. पात्र घडवावयाचे नसते. पदरी पडलेले ओळखावयाचे असते. १९७९ च्या पंचासाठीच्या ग्रंथाने चार फासे टाकून सर्वांत लहान वगळण्याची मुभा दिली आणि अठराची शक्यता सुमारे ६२ त एक झाली. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीपर्यंत ठरावीक गुणांचा खर्च करून आकडे विकत घेण्याची पद्धत ग्रंथात आली. २०१४ मध्ये ही शिल्लक २७ होती. जन्मदत्त वंशामुळे मिळणारी वाढ २०२४ च्या आवृत्तीत काढून ती पात्राच्या पूर्वायुष्यातील व्यवसायाकडे दिली गेली. महाराष्ट्रात या बदलावर अधिक भाष्याची गरज नसावी.

प्रारब्धाकडून रचनेकडे झालेला हा प्रवास आम्हांला वरवर स्वागतार्ह वाटतो. पण आता लोणारच्या कथेकडे वळू.

१९७४ च्या पुस्तिकेत मोहिनी या गुणाचे मुख्य काम म्हणजे किती अनुचर मिळतील आणि ते किती निष्ठावान राहतील हे ठरवणे. चेटकीण आपल्या हाती सापडलेल्या पुरुषाचे डुक्कर करील की त्याला प्रियकर म्हणून ठेवील, हेही या आकड्यावरून ठरवावे अशी सूचना तेथे आहे! बाकी सारे पंचाच्या तोंडी. विष्णूचे सोंग घेतलेल्या खेळाडूला बहिणींशी बोलावे लागेल आणि ते बोलणे पटले की नाही हे पंच ठरवील. २००० सालच्या नियमांत याच प्रसंगाला कोष्टक मिळाले. वीस बाजूंचा एक फासा टाकावा, त्यात मोहिनीची आणि शिष्टाईच्या कौशल्याची भर घालावी. समोरची व्यक्ती तटस्थ असेल तर ३० ला ती आपल्यासाठी धोका पत्करायला तयार होते. वैरी असेल तर ५० ला. मग पात्ररचनेचा अर्थच पालटला. हा आकडा हमखास गाठणारे पात्र कसे जुळवावे, याचे हिशेब चतुर खेळाडू मांडू लागले. असे पात्र बोलत नाही. त्याला बोलण्याची गरजच उरत नाही.

यातून नियमांचे प्रश्न उठतात. ‘ड्रॅगन’ मासिकात १९७९ पासून खेळाडूंच्या शंकांना उत्तरे देणारे सदर सुरू झाले. ग्रंथातील अक्षर प्रमाण मानावे की कर्त्याचा हेतू, या मुद्द्यावर वाद घालणाऱ्यांना वाटते की हा प्रश्न त्यांचाच. मराठीच्या अभ्यासकाला मात्र महानुभाव परंपरा आठवावी. लोणार आणि मेहकर ही दोन्ही स्थळे ‘लीळाचरित्रा’त आहेत. त्या लीळांतून केशोबासांनी चक्रधरांची वचने वेगळी काढून ‘सूत्रपाठ’ सिद्ध केला. पण प्रसंगापासून तुटलेले सूत्र तेवढ्यावर उमगत नाही, म्हणून कोणते वचन कोणत्या प्रसंगी उच्चारले हे सांगणारे ‘प्रकरणवश’ लिहावे लागले. पंथाच्या आचारसूत्राची आणि खेळातल्या नियमाची बरोबरी आम्ही करत नाही. साम्य आहे ते वाचनाच्या अडचणीत. ३० हा आकडा प्रकरणवश नसलेले सूत्र आहे. कोणी, कोणाला, कशासाठी वश केले, याचा त्यात मागमूस नाही.

कोष्टकाची आणखी एक अट लक्षणीय आहे. आकड्याने मन वळते ते पंचाच्या ताब्यातील व्यक्तींचे. खेळाडूच्या पात्राने काय ठरवावे हे फासा सांगू शकत नाही. म्हणजे टेबलावर सखोल मन कोणाला आहे, हे नियमानेच वाटून टाकले. लोणारच्या बहिणी या वाटणीत पंचाच्या बाजूला पडतात. आपल्या कथेनेही त्यांना फारसे न्यायाने वागवलेले नाही. भावाला का विकले, याचे उत्तर ‘भाळल्या’ एवढेच. पण दोन खेळाडूंनी त्या बहिणींचीच पात्रे घेतली, तर त्याच नियमाने विष्णूचा फासा निरुपयोगी होतो. त्याला विवराच्या काठावर बसून बोलावे लागते, आणि बहिणी नाही म्हणू शकतात.