ग्रुबर: खळग्यातल्या घराचं आडनाव

ऑस्ट्रियात सर्वांत जास्त आढळणारं आडनाव ग्रुबर. त्याच्या पाठोपाठ हुबर. पण देशभरच्या ग्रुबरांचा मूळपुरुष शोधायला निघालं तर हाती कुणीच लागत नाही. हाती लागतात ते डोंगरातले खळगे, तेही ठिकठिकाणचे.

जर्मन भाषेत ‘ग्रूबे’ म्हणजे खड्डा, खोलगट जागा. त्याला ‘एर’ लागला की तिथे राहणारा तो ग्रुबर. आपल्याकडच्या ‘कर’चं काम तिथे हा ‘एर’ करतो. मात्र आपला ‘कर’ बहुधा गावाला लागतो, आल्प्समधला ‘एर’ एकेका घराला लागला. याचं कारण तिथल्या वस्तीत आहे. अकराव्या ते तेराव्या शतकात डोंगरउतारांवरचं जंगल तोडून शेती वाढत गेली, तेव्हा पुष्कळ ठिकाणी लोकांनी गावठाण केलं नाही. आपापल्या शेतात आपापलं घर, आणि शेजार दूर. अशी घरं ओळखायची ती जागेवरून. टेकाडावरचा पिख्लर, सपाटीवरचा एब्नर, उतारावरचा लाइटनर, दलदलीकडचा मोझर, ओढ्याकाठचा बाखर आणि खळग्यातला ग्रुबर. घर वरचं असेल तर ओबरग्रुबर, खालचं असेल तर उंटरग्रुबर. ही सगळी आजची रूढ आडनावं आहेत, आणि ती ओळीने वाचली तर दरीचा चढउतार कळत जातो.

नाव घराला चिकटून राहिलं त्यात जमीनदारीचाही हात होता. बहुतेक शेतकरी मठाची, सरदाराची किंवा साल्झबुर्गच्या आर्चबिशपची जमीन कसत. कुठल्या शेताने किती धान्य, किती चीज, किती अंडी-कोंबड्या द्यायच्या, हे ‘उर्बार’ नावाच्या वहीत लिहिलेलं असे. धन्याला वसुली शेताकडून करायची होती. कसणारा मरो की बदलो, शेताचं देणं तेच, म्हणून वहीतलं नावही तेच.

त्यातून जे घडे ते आपल्याला चमत्कारिक वाटेल. बऱ्याच डोंगरी भागांत शेताची वाटणी होत नसे. सगळं एकाच वारसाला मिळे. बाकीची भावंडं दुसऱ्यांकडे गडी किंवा मोलकरीण म्हणून राहत, नाहीतर दुसऱ्या घरात लग्न करून जात. मोझरांचा धाकटा मुलगा ग्रुबरांच्या घरी घरजावई झाला की चार लोकांत तो ग्रुबरच. म्हणजे एकाच घरात पिढ्यानपिढ्या ‘ग्रुबर’ नांदत असले तरी रक्त एकच असेल असं नाही. उलट घराबाहेर पडलेला धाकटा भाऊ तेच नाव घेऊन दूरच्या शहरात जाई, जिथे खळग्याचा पत्ताही नसे. आडनावावरून भावकी जुळवायची आपली सवय इथे साफ फसते.

घराचं नाव किती जोरकस होतं ते आंद्रेआस होफरकडे पाहिल्यावर कळतं. नेपोलियनच्या आणि बव्हेरियाच्या सैन्याविरुद्ध 1809 मध्ये टिरोलचं बंड उभारणारा हा पुढारी ‘झांडहोफ’ नावाच्या खाणावळीचा मालक. आडनाव होफर, पण लोकांच्या तोंडी तो ‘झांडविर्ट’, म्हणजे झांडचा खाणावळवाला. स्टायरिया आणि कॅरिंथियात आजही शेतघराच्या पाटीवर, थडग्याच्या दगडावर आडनावापुढे ‘वुल्गो’ लिहून घराचं नाव देतात. ‘मोझर वुल्गो ग्रुबर’ म्हणजे कागदावर मोझर, लोकांत ग्रुबर.

ही दोन नावं वेगळी पडली ती दप्तरामुळे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1563 मध्ये बाप्तिस्मा आणि विवाहांच्या नोंदी ठेवण्याचा नियम केला. पुढे ऑस्ट्रियाची राज्यकर्ती मारिया तेरेसा हिने 1770 पासून सैन्यभरतीसाठी शिरगणती करवली आणि घरांना क्रमांक दिले. तिचा मुलगा सम्राट जोसेफ दुसरा याने 1784 मध्ये चर्चच्या नोंदवह्यांना सरकारी दप्तराचा दर्जा दिला. आता राज्याला बापाचं नाव मुलाला लागलेलं हवं होतं. ग्रुबर नाव वाहतं होतं, ते त्या वहीत थिजलं. त्या नोंदींतल्या बायकांचं आडनाव मात्र अनेकदा ‘ग्रुबरिन’ असं स्त्रीलिंगी लिहिलेलं दिसतं.

वहीतली नोंद बदलली की काय होतं, याचं सर्वांत कुप्रसिद्ध उदाहरण ग्रुबर शेवटी असलेल्या एका आडनावाचं आहे. वाल्डफिएर्टेल भागातल्या श्ट्रोनेसमध्ये 1837 साली मारिया आना शिकलग्रुबरला अनौरस मुलगा झाला, आलोइस. त्याची नोंद आईच्या आडनावाने झाली. जून 1876 मध्ये, कस्टम खात्यात नोकरी करणाऱ्या आलोइसच्या वतीने तीन साक्षीदार उभे राहिले, आणि डोलर्सहाइमच्या पाद्रीने जुन्या नोंदीत बापाचं नाव घातलं. आलोइस शिकलग्रुबरचा आलोइस हिटलर झाला. तेरा वर्षांनी त्याला आडॉल्फ हा मुलगा झाला.

ग्रुबर नावाला मान मिळवून दिला तो मात्र एका शाळामास्तराने. फ्रान्झ झावर ग्रुबर 1787 मध्ये इनफिएर्टेलमधल्या होखबुर्गजवळ विणकरांच्या घरी जन्मला. ते घर ‘श्टाइनपॉइंट’ नावाने ओळखलं जाई. म्हणजे आडनावात खळगा, घराच्या नावात दगड. आडनाव दुसऱ्या कुठल्या तरी खळग्यातून निघून विणकरांच्या या झोपड्यापर्यंत आलेलं. आर्न्सडोर्फमध्ये शिकवत असताना त्याने शेजारच्या ओबर्नडोर्फमध्ये 24 डिसेंबर 1818 रोजी योसेफ मोहर या पाद्रीच्या कवितेला चाल लावली. तेच आज जगभर गायलं जाणारं ‘सायलेंट नाइट’. गाणं टिरोलचं लोकगीत म्हणून पसरलं, रचनाकार विस्मृतीत गेला. 1854 मध्ये बर्लिनच्या दरबारी वाद्यवृंदाकडून साल्झबुर्गला विचारणा आली की हे संगीतकार मिखाएल हायडनचं आहे का? तेव्हा सदुसष्ट वर्षांच्या ग्रुबरने 30 डिसेंबरला सगळी हकिकत स्वतः लिहून दिली आणि त्यात आपलं नाव नोंदवलं.

आज कुणी ग्रुबर आपलं मूळ शोधायला बसला तर चर्चच्या नोंदवह्या इंटरनेटवर ‘मात्रिकुला’वर मोफत पाहायला मिळतात. तिथे आधी माणसाचं नाव हुडकण्यापेक्षा घराचं नाव आणि क्रमांक धरून मागे जावं. एकाच गावातले दोन ग्रुबर कुठल्या घरातून बाहेर पडले हे घराच्या रकान्यात दिसतं, आणि पुष्कळदा ती घरं दोन वेगवेगळी निघतात.