'बल' या संज्ञेचा पूर्वेतिहास

अभिजात यामिकीच्या अध्ययनास आरंभ करणाऱ्या विद्यार्थ्यापुढे पहिल्याच आठवड्यात संवेग, बल, कार्य, ऊर्जा व शक्ती या पाच संज्ञा ठेवल्या जातात. प्रत्येकीची व्याख्या एका ओळीत मावते. त्यामुळे या पाच राशी जणू आरंभापासूनच परस्परांहून भिन्न होत्या आणि शास्त्रज्ञांनी त्यांना केवळ नावे दिली, असा समज होणे स्वाभाविक आहे. इतिहास याच्या उलट आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात या पाचांपैकी निदान तिघींचा संसार 'व्हिस' या एकाच लॅटिन शब्दाच्या छपराखाली चालला होता, आणि तो विभक्त होण्यास जवळजवळ दोनशे वर्षे लागली. व्याख्या पाठ असूनही उदाहरण सोडविताना विद्यार्थी बल व संवेग यांची गल्लत करतो, तेव्हा त्याची चूक ही मोठ्या घराण्यातील चूक आहे, हे अध्यापकाने ध्यानी ठेवणे बरे.

या वादाचे मूळ देकार्तच्या १६४४ मधील तत्त्वज्ञानविषयक ग्रंथात सापडते. विश्वातील गतीचे एकूण परिमाण ईश्वराने एकदाच ठरवून दिले असून ते कमीजास्त होत नाही, असे त्याचे प्रतिपादन होते. हे परिमाण म्हणजे वस्तूचा आकार गुणिले तिची चाल. या गुणाकारात दिशेला स्थान नव्हते. परिणामी त्याने दिलेले आघाताचे सात नियम बहुतांशी चुकीचे निघाले. १६६८-६९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वॉलिस, रेन व हायगेन्स या तिघांनी आघाताचे नियम मांडले, तेव्हा दिशेचा विचार केल्यावाचून गतिपरिमाण टिकत नाही हे उघड झाले. हायगेन्सला आणखी एक गोष्ट आढळली होती: पूर्णपणे स्थितिस्थापक गोळ्यांच्या टकरीत वस्तुमान व वेगाचा वर्ग यांच्या गुणाकारांची बेरीजही टकरीपूर्वी व टकरीनंतर सारखीच राहते. त्याच्या दृष्टीने हा एक उपयुक्त गणिती नियम होता; त्यास त्याने कोणतेही भारदस्त नाव दिले नाही.

नाव दिले ते लायब्निट्सने, आणि नावाबरोबर भांडणही आले. १६८६ च्या मार्च महिन्यात लाइप्झिगच्या 'आक्टा एरुडिटोरुम' या नियतकालिकात त्याने देकार्तची 'संस्मरणीय चूक' दाखविणारा छोटा लेख प्रसिद्ध केला. त्यातील युक्तिवाद इतका साधा आहे की तो आजही फळ्यावर मांडण्यासारखा आहे. एक पौंड वजन चार हात उचलण्यास जितके बल लागते, तितकेच चार पौंड वजन एक हात उचलण्यास लागते, हे देकार्तच्या अनुयायांनाही मान्य होते. आता ही दोन्ही वजने त्या त्या उंचीवरून खाली सोडली, तर जमिनीपाशी त्यांच्यात समान बल असले पाहिजे. परंतु गॅलिलिओच्या नियमानुसार चौपट उंचीवरून पडणाऱ्या वस्तूचा वेग चौपट नव्हे, तर दुप्पटच होतो. म्हणजे पहिल्या वस्तूचे गतिपरिमाण एक गुणिले दोन, अर्थात दोन. आणि दुसरीचे चार गुणिले एक, अर्थात चार. बले समान, पण गतिपरिमाणे असमान. उलट वेगाचा वर्ग घेतला तर दोन्हीकडे चारच येतात. यावरून बलाचे खरे माप वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग हे होय, असा निष्कर्ष त्याने काढला. पुढे १६९५ च्या लेखात त्याने या राशीस 'व्हिस व्हिवा' म्हणजे 'जिवंत बल' असे म्हटले, आणि नुसत्या दाबास किंवा ताणास 'मृत बल' असे नाव दिले. 'डायनॅमिक्स' हा शब्दही त्याचाच.

देकार्तच्या पक्षाकडून काटलां याने त्याच वर्षी प्रत्युत्तर दिले. दोन्ही वजने पडण्यास लागणारा काळ सारखा नाही, तेव्हा ही तुलनाच गैर आहे, असा त्याचा आक्षेप होता. लायब्निट्सने तो झिडकारला. वस्तुतः सर्व प्रकरणाची किल्ली याच आक्षेपात दडलेली होती. परंतु काटलांला स्वतःलाही ती वापरता आली नाही.

या सुमारास, १६८७ मध्ये, न्यूटनचा 'प्रिन्सिपिया' प्रसिद्ध झाला. गतीचे तीन नियम मांडणाऱ्या या ग्रंथाने तरी शब्दाचा घोळ मिटविला असेल, अशी अपेक्षा करावी तर तिथेही निराशा होते. ग्रंथारंभीच्या व्याख्यांत न्यूटन 'व्हिस' हा शब्द निरनिराळ्या विशेषणांसह वापरतो. बाहेरून लावलेले ते 'व्हिस इम्प्रेसा'. हेच पुढे पाठ्यपुस्तकांतील बल झाले. पण वस्तूच्या ठायी उपजत असलेले व तिला स्थितिपालट करू न देणारे तेही 'व्हिस'च. यास आज जडत्व म्हणतात आणि ते बल नव्हे, असे विद्यार्थ्यास बजावून सांगावे लागते. शिवाय दुसऱ्या नियमात बलाचे प्रमाण गतीतील 'बदला'शी जोडलेले आहे, त्वरणाशी नव्हे. वस्तुमान गुणिले त्वरण हे सूत्र कोणत्याही वस्तूच्या कोणत्याही गतीस लागू होणारे सर्वसामान्य तत्त्व म्हणून ऑयलरने १७५० मध्ये बर्लिनच्या अकादमीपुढे मांडले; ते १७५२ मध्ये छापले गेले. 'न्यूटनचा दुसरा नियम' म्हणून जे शिकविले जाते, त्याचा अक्षरशः पाठ न्यूटनचा नाही, ही गोष्ट पाठ्यपुस्तके क्वचितच सांगतात.

अठराव्या शतकात वाद तर्काकडून प्रयोगाकडे वळला. लायडनचा प्राध्यापक स्'ग्रावेसांड हा न्यूटनचा पुरस्कर्ता. तथापि १७२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी त्याला मत बदलावे लागले. सारख्या आकाराचे पण निरनिराळ्या वजनांचे पितळी गोळे त्याने मऊ मातीवर सोडले. वजनाच्या व्यस्त प्रमाणात उंची ठेवली की मातीतील खळगे सारखे पडत. याचा अर्थ, मातीची साक्ष लायब्निट्सच्या बाजूने होती. एमिली द्यु शातले हिने १७४० च्या आपल्या पदार्थविज्ञानविषयक ग्रंथात याच प्रयोगांचा आधार घेऊन जिवंत बलाचा पक्ष उचलला. पॅरिसच्या अकादमीचा चिटणीस मेरां याने तिला जाहीर पत्राने उत्तर दिले, तेव्हा १७४१ मध्ये तिने तितक्याच जाहीरपणे, आणि बरीच तिखट भाषा वापरून, त्याच्या युक्तिवादाची चिरफाड केली. 'प्रिन्सिपिया'चे फ्रेंच भाषांतर करणारी हीच विदुषी एका बाबतीत लायब्निट्सची अनुयायी होती, यात पुष्कळांना विसंगती वाटली. वास्तविक तिची दृष्टी समकालीनांहून अधिक मोकळी होती, इतकाच त्याचा अर्थ.

१७४३ मध्ये द'आलांबेरने आपल्या गतिशास्त्रावरील ग्रंथात हा सर्व वाद केवळ शब्दांचा आहे, असा निकाल दिला. इतिहासकारांनी तो निकाल पुष्कळदा जसाच्या तसा उचलला आहे. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. एखाद्या गतिमान वस्तूस सतत सारखाच विरोध करून थांबवावयाचे असेल, तर वेग दुप्पट असता काळ दुप्पट लागतो, अंतर मात्र चौपट लागते. विरोधास काळाने गुणिले की संवेगातील बदल मिळतो; अंतराने गुणिले की वस्तुमान व वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या निम्म्याइतका बदल मिळतो. देकार्तचे अनुयायी (दिशेची दुरुस्ती गृहीत धरून) घड्याळाकडे पाहत होते आणि लायब्निट्सचे मोजपट्टीकडे. दोघेही बरोबर होते. परंतु म्हणून वाद पोकळ होता असे म्हणणे म्हणजे शब्दांना नुसती लेबले समजणे होय. निसर्गात दोन भिन्न राशी खरोखरच होत्या, दोहोंच्या अक्षय्यतेचे नियमही भिन्न होते, आणि दोहोंना एकच शब्द असल्यामुळे एकीचे अस्तित्व सिद्ध केले की दुसरी खोटी ठरते असे प्रत्येकास वाटत होते. शब्द वेगळे झाल्याखेरीज संकल्पना वेगळ्या दिसणे कठीण होते.

शब्द वेगळे होण्याची क्रिया सावकाश घडली. १८०७ मध्ये छापलेल्या व्याख्यानांत टॉमस यंगने जिवंत बलासाठी 'एनर्जी' हा शब्द सुचविला. कित्येक दशके त्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. यंत्रांच्या हिशेबाशी रोज गाठ पडणाऱ्या फ्रेंच अभियंत्यांस मात्र अंतराने गुणिलेल्या बलाचे नाव हवेच होते. कोरिओलिसने १८२९ मध्ये त्यास 'त्राव्हाय', म्हणजे मजुराच्या अर्थी 'काम', असे म्हटले आणि वेगाच्या वर्गापुढे निम्मे चिन्ह लावून दोन्ही बाजू जुळविल्या. तरीही १८४७ मध्ये हेल्महोल्ट्सने ऊर्जेच्या अक्षय्यतेवरील आपल्या निबंधास 'बलाच्या अक्षय्यतेविषयी' असेच नाव दिले, कारण जर्मन भाषेत 'क्राफ्ट' हा शब्द अद्याप दोन्ही कामे करीत होता. याची किंमत लहान नव्हती. दोन वस्तू जवळ आल्या की त्यांतील गुरुत्वाकर्षण वाढते, मग बल अक्षय्य कसे, असा प्रश्न फॅरडेसारख्या शास्त्रज्ञास १८५७ मध्ये पडला. त्या कोड्यात शब्दाच्या द्व्यर्थतेचा वाटा मोठा होता. रँकिनने १८५३ मध्ये 'पोटेन्शियल एनर्जी' ही संज्ञा वापरली. पुढे टॉमसनच्या 'कायनेटिक एनर्जी'ने जोडी पुरी केली.

मराठी परिभाषेस हा सारा प्रवास आयता मिळाला. बल, कार्य, ऊर्जा, शक्ती हे शब्द प्रत्येकी एका राशीस नेमून दिले गेले, आणि न्यूटन, जूल, वॉट ही एकके त्यांच्यामागे उभी राहिली. परंतु परिभाषा नेमून दिल्याने बोली बदलत नाही. मराठीत 'गुरुत्वाकर्षणशक्ती' हा शब्द सर्रास लिहिला जातो. तेथे 'शक्ती' म्हणजे बल. मुंबईतील अणुशक्तीनगराच्या नावात 'शक्ती' म्हणजे ऊर्जा. पाणी उपसण्याचा पंप पाच अश्वशक्तीचा असतो, तेथे 'शक्ती' म्हणजे कार्य करण्याचा दर. तिन्हींपैकी परिभाषेशी जुळणारा वापर काय तो हाच. म्हणजे लॅटिनमधील 'व्हिस'चा जो संसार होता तोच मराठीत 'शक्ती' या शब्दाने मांडला आहे, आणि यामिकीच्या पहिल्या तासास येणारा विद्यार्थी तो सोबत घेऊनच वर्गात बसतो.