देवगिरीचा हिशेबनीस आणि ५०४० ताना

सात सूर घ्या. प्रत्येक सूर एकदाच वापरायचा, क्रम मात्र हवा तसा बदलायचा. अशा किती वेगवेगळ्या ताना होतील? मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर १ ते ७ हे आकडे एकमेकांना गुणा. उत्तर येतं ५०४०.

गणितातून संगीत रचण्याचा विषय निघाला की यूट्यूब आपल्याला थेट युरोपात नेतं. मी टेंभुर्णीचा, जाफ्राबाद तालुक्यातला. आमच्याकडून जालना आणि संभाजीनगर ओलांडून पुढे गेलं की देवगिरीचा किल्ला येतो. शाळेच्या सहली तिथे तोफ आणि अंधारी वाट बघायला जातात. पण याच देवगिरीत तेराव्या शतकात एका माणसाने ५०४० तानांचा चोख हिशेब मांडला होता, हे सहलीत कोणी सांगत नाही.

त्याचं नाव शार्ङ्गदेव. आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आलेले, वडील सोढल यादवांच्या चाकरीत. शार्ङ्गदेव स्वतः यादव राजा सिंघण (कारकीर्द साधारण १२१० ते १२४७) याच्या दरबारी श्रीकरणाधिप होता. म्हणजे राज्याच्या जमाखर्चाचा प्रमुख. त्याने लिहिलेला ‘संगीतरत्नाकर’ हा सात अध्यायांचा संस्कृत ग्रंथ. हिंदुस्थानी आणि कर्नाटक, दोन्ही परंपरा आजही त्याला आपला मानतात.

पहिल्याच अध्यायात त्याच्यातला हिशेबनीस दिसतो. तीन सुरांच्या सहा ताना तो एका ठरलेल्या क्रमाने लावतो: सारेग, रेसाग, सागरे, गसारे, रेगसा, गरेसा. या यादीला नाव ‘प्रस्तार’. चार सुरांच्या २४, पाच सुरांच्या १२०, सहा सुरांच्या ७२०. पाच सुरांना औडव आणि सहांना षाडव हे शब्द आजच्या गाण्याच्या क्लासमध्येही ऐकू येतात.

सात सुरांची यादी लिहायची तर वह्या भरतील. मग ३१४१वी तान कोणती, हे यादी न लिहिता कसं काढायचं? हा ‘नष्ट’चा प्रश्न. उलट, एखादी तान ऐकली तर यादीत तिचा नंबर कितवा? हा ‘उद्दिष्ट’चा प्रश्न. दोन्हींसाठी शार्ङ्गदेव एकच कोष्टक देतो: खंडमेरू. पायऱ्यांसारखे सात उभे रकाने, सगळे मिळून फक्त २८ खाने. प्रत्येक रकान्यातून एकेक आकडा उचलून बेरीज केली की १ ते ५०४० मधली कोणतीही संख्या मिळते, आणि ती एकाच प्रकारे मिळते.

करून बघा. चार सुरांची तान घ्या: गसामरे. शेवटचा सूर रे. सारेगम या मूळ क्रमात शेवटून मोजत गेलं की रे दोन घरं मागे आहे, म्हणून २ गुणिले ६, म्हणजे १२. रे काढून टाका. उरले गसाम. त्यात शेवटी म, तो मूळ क्रमातही शेवटीच, म्हणून शून्य. उरले गसा. सा एक घर मागे, म्हणून १. सुरुवातीचा १ मिळवला की बेरीज १४. ही चौदावी तान. याच पद्धतीने सातही सुरांचा सरळ आरोह पहिला येतो आणि सरळ अवरोह ५०४०वा. वहीतलं पहिलं पान आणि शेवटचं पान.

तालाच्या अध्यायात हीच नजर लयीवर वळते. द्रुत म्हणजे अर्धी मात्रा, लघू एक, गुरू दोन, प्लुत तीन. ठरलेला काळ या चार तुकड्यांनी किती प्रकारे भरता येईल? अर्ध्या मात्रेला १ प्रकार, एक मात्रेला २, दीड मात्रेला ३, दोन मात्रांना ६, मग १०, १९, ३३. प्रत्येक आकडा आधीच्या ठरावीक आकड्यांची बेरीज आहे. फिबोनाचीच्या नावाने ओळखली जाणारी मालिका ही याच कुळातली, आणि तीसुद्धा फिबोनाचीच्या १२०२ च्या पुस्तकाआधी भारतात छंदांच्या मात्रा मोजताना सापडलेली होती.

हे देवगिरीतच का घडलं असावं? सिंघणाच्या दरबारात चांगदेव हा ज्योतिषी होता, भास्कराचार्यांचा नातू. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने चाळीसगावजवळ पाटण इथे मठ काढला. तिथला शिलालेख याची साक्ष देतो. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) अंकांची अदलाबदल मोजणारं ‘अंकपाश’ हे प्रकरण आहे. एका बाजूला ही गणिताची परंपरा, दुसऱ्या बाजूला गाणं जाणणारा हिशेबनीस, आणि दोघांच्या डोक्यावर छत्र एकाच राजाचं.

आता खरा प्रश्न. ५०४० ताना मोजल्या म्हणजे संगीत झालं का?

भूप राग घ्या. सूर पाच: सा रे ग प ध. प्रस्तार १२० तानांचा. देसकार रागाचे सूरही हेच, म्हणून प्रस्तारही तोच, एकही तान कमीजास्त नाही. तरी भूप गंधारावर विसावतो आणि देसकार धैवताला धरून राहतो. दोन वाक्यं ऐकली की जाणता श्रोता राग ओळखतो. खंडमेरूला मात्र या दोघांतला फरक कळत नाही. कुठे थांबायचं, कोणता सूर लांबवायचा, १२० पैकी कोणत्या ताना सोडून द्यायच्या, हे त्याच्या २८ खान्यांत कुठेच नाही. शार्ङ्गदेवालाही हे ठाऊक असणार. म्हणून तर त्याने तानांची मोजणी पहिल्या अध्यायात संपवली आणि रागांसाठी वेगळा अध्याय लिहिला.

मग मोजायचं कशाला? गळ्याला आणि बोटांना सवयीच्या वाटा असतात. मी भजनात पेटी वाजवतो, माझी बोटं त्याच त्याच पलट्यांकडे धावतात. प्रस्तार सवयीबाहेरची वाट समोर ठेवतो. मुंबईच्या भेंडी बाजार घराण्याने मेरुखंडाचा रियाज याच कारणासाठी जपला. त्या घराण्याच्या अमान अली खाँच्या गाण्याचा प्रभाव उस्ताद अमीर खाँवर पडला. अमीर खाँची संथ बढत ऐका. सूर तेच, पण दर वेळी वेगळ्या क्रमाने येतात, आणि कुठेही पाढे म्हटल्यासारखं वाटत नाही.

आज ॲप पापणी लवायच्या आत सगळ्या ५०४० ताना वाजवून दाखवेल. ते काम हिशेबनिसाने आठशे वर्षांपूर्वी २८ खान्यांत उरकून ठेवलं आहे. त्यातल्या ५०३९ बाजूला ठेवून नेमकी एक तान उचलायची, हे काम तेव्हाही गवयाचं होतं आणि अजूनही त्याचंच आहे.