साथ असो वा महापूर, तान्ह्या बाळाचं अंगावरचं दूध का थांबवायचं नाही?

23 मार्च 2020 रोजी सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरमध्ये सौदी अरेबियाची यात्रा करून आलेल्या चौघांना कोरोना झाल्याचं निष्पन्न झालं. आठवडाभरात त्यांच्या कुटुंबातल्या आणि संपर्कातल्या रुग्णांची संख्या वीसच्या पुढे गेली. आजूबाजूचा भाग सील झाला आणि रुग्णांना मिरजेच्या शासकीय रुग्णालयात हलवण्यात आलं. संसर्ग त्या वर्तुळाबाहेर फारसा पसरू न देण्याच्या या पद्धतीला पुढे 'इस्लामपूर पॅटर्न' असं नाव पडलं.

गाव बंद झालं की किराणा, दूध, गॅस यांची सोय आधी होते. पण ज्या घरात पंधरा दिवसांची बाळंतीण आहे, तिथला प्रश्न निराळा असतो. बाळ सारखं रडतंय, दूध पुरतंय का? मला खोकला आहे, अंगावर पाजू का? एरवी हे सांगायला आई असते, सासू असते, आशाताई येतात. लॉकडाऊनमध्ये लेकी माहेरी जाऊ शकल्या नाहीत आणि माहेरची माणसंही येऊ शकली नाहीत. आशाताई घरोघरच्या सर्वेक्षणात अडकल्या. संकटाच्या काळात स्तनपान तुटतं ते बहुतेक वेळा असं: दूध असतं, पण धीर देणारं माणूस जवळ नसतं.

आईला संसर्ग असेल तर पाजायचं का?

कोरोनाच्या बाबतीत उत्तर 'हो' असं आहे. सुरुवातीला सगळीकडे गोंधळ होता. चीनमध्ये नवजात बाळांना आईपासून दोन आठवडे वेगळं ठेवलं जात होतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही आधी तात्पुरतं वेगळं ठेवण्याचा सल्ला दिला आणि जुलै 2020 मध्ये तो बदलला. जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका मात्र पहिल्यापासून स्पष्ट होती. आईनं मास्क लावावा, हात साबणानं धुवावेत आणि बाळाला पाजत राहावं. काही मातांच्या दुधात विषाणूचे अंश सापडले, पण दुधातून बाळाला लागण झाल्याचं सिद्ध झालं नाही. उलट संसर्ग झालेल्या आईच्या दुधात त्याच विषाणूविरुद्धच्या अँटिबॉडीज आढळल्या.

याचं मोठं उदाहरण मुंबईत दिसलं. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात एप्रिल-मे 2020 मध्ये, जेमतेम महिनाभरात, कोरोनाबाधित मातांच्या पोटी शंभरहून जास्त बाळं जन्मली. त्यातल्या मोजक्याच बाळांची पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली आणि नंतर तीही निगेटिव्ह झाली.

हा नियम प्रत्येक आजाराला जसाच्या तसा लागू होत नाही. एचआयव्ही असलेल्या आईसाठी औषधोपचारासह वेगळा सल्ला असतो. स्तनावर नागिणीचे किंवा हर्पिसचे फोड असतील तर त्या बाजूनं पाजत नाहीत. म्हणून नवी साथ आली की डॉक्टरांना विचारायचं, पण उत्तर मिळेपर्यंत आपणहून दूध तोडायचं नाही. आई फारच थकली असेल तर दूध हातानं पिळून स्वच्छ वाटीत काढता येतं आणि घरातलं निरोगी माणूस ते वाटी-चमच्यानं पाजू शकतं. बाटली टाळलेली बरी, कारण तिचं बूच आणि खाचा नीट उकळून स्वच्छ करणं धावपळीत जमत नाही.

'धसक्यानं दूध आटलं' हे खरं आहे का?

अर्धं खरं आहे. भीती, अपुरी झोप, अनोळखी माणसांची गर्दी यामुळे पान्हा फुटायला उशीर लागतो. दूध तयार होणं मात्र सुरूच असतं. बाळ जितक्या वेळा ओढेल तितकं ते जास्त तयार होतं. घोटाळा पुढे होतो. पान्हा लवकर येत नाही, बाळ रडतं, कुणीतरी वरचं दूध देतं, बाळाचं पोट भरतं, ते कमी ओढतं आणि मग दूध खरोखरच कमी होतं.

यावरचा उपाय साधा आहे. आडोसा, बसायला टेकू, प्यायला पाणी, पोटभर जेवण आणि बाळाला उघड्या छातीशी धरून ठेवणं. चोवीस तासांत 8 ते 12 वेळा पाजावं. पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसाला सहा किंवा जास्त वेळा लघवी करत असेल आणि वजन वाढत असेल तर दूध पुरतंय असं समजावं. अळीव-डिंकाचे लाडू मिळाले नाहीत म्हणून दूध थांबत नाही. पहिल्या दिवसांतलं चिकाचं दूध फेकू नये, आणि सहा महिने पाणी, मध, घुटी काही देऊ नये. पुराच्या पाण्यात तर मुळीच नाही.

पुरातली दूध पावडर

हा भाग समाजमाध्यमं वापरणाऱ्यांनी नीट वाचावा. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली आणि वाळवा, शिराळा, पलूस, मिरज या तालुक्यांतली हजारो माणसं छावण्यांत आली. (1 ते 7 ऑगस्ट हा जागतिक स्तनपान सप्ताह असतो. पाणी चढत होतं ते त्याच दिवसांत.) जुलै 2021 मध्ये कोरोना सुरू असतानाच पुन्हा पूर आला. अशा वेळी मोबाईलवर मदतीच्या याद्या फिरतात. बिस्किटं, ब्लँकेट, सॅनिटरी पॅड आणि 'लहान बाळांसाठी दूध पावडर'.

भावना चांगली आहे, पण वस्तू चुकीची आहे. पावडर कालवायला पाणी तेच, पुराचं. 2006 साली इंडोनेशियातल्या योग्यकर्ता भूकंपानंतर झालेल्या अभ्यासात, दान आलेली पावडर मिळालेल्या लहान मुलांमध्ये जुलाबाचं प्रमाण इतरांच्या दुप्पट आढळलं. आपल्याकडे 1992 च्या कायद्यानुसार शिशुदुग्धपर्याय आणि बाटल्या अनाथाश्रमाखेरीज कुणालाही दान करायला किंवा वाटायला मनाई आहे. ही गोष्ट यादी करणाऱ्या फार थोड्या लोकांना माहीत असते.

ज्या बाळाची आई दगावली आहे, गंभीर आजारी आहे किंवा जे आधीपासूनच वरच्या दुधावर आहे, त्याला पर्याय लागतोच. तो आरोग्य कर्मचाऱ्यांनी पाहून, त्या घरापुरता, उकळलेल्या पाण्याच्या सोयीसह द्यायचा. काही मोठ्या रुग्णालयांत मातृदुग्ध पेढी असते. आशियातली पहिली पेढी 1989 साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सायन रुग्णालयातच सुरू केली. यादीत लिहायचंच असेल तर बाळंतिणीसाठी सुके पदार्थ, कपडे, पडद्याला चादरी, वाटी-चमचे असं लिहा.

मदत कुणाकडे मागायची?

पहिलं नाव आशाताईंचं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्यांनी घरी येऊन बाळ पाहायचं असतं. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या कामातून उभी राहिली. भेट शक्य नसेल तर व्हिडिओ कॉलही चालतो. बाळानं स्तनाचा काळा भाग तोंडात नीट घेतलाय की फक्त टोक, हे त्यावर बऱ्यापैकी दिसतं. सल्ल्यासाठी 104 क्रमांक आहे आणि तातडीच्या रुग्णवाहिकेसाठी 108. बाळ सुस्त पडलं, दूध ओढेनासं झालं, ताप आला किंवा लघवी कमी झाली तर कॉलवर विसंबू नका, दवाखाना गाठा.

लस आणि गोळ्यांबाबतही विचारूनच ठरवा. कोरोनाची लस स्तनदा मातांना सुरुवातीला दिली जात नव्हती. 19 मे 2021 रोजी केंद्रानं परवानगी दिली. पूर ओसरल्यावर लेप्टोच्या प्रतिबंधासाठी गोळ्या वाटतात, तेव्हा 'मी बाळाला पाजते' हे गोळी घेण्याआधीच सांगावं, म्हणजे योग्य औषध निवडता येतं.