वर्गातला छापखाना

लहान मुले लिहिण्याचा कंटाळा का करतात? निबंधाचा विषय त्यांचा नसतो आणि वाचणारा असतो एकटा शिक्षक, तोही चुका शोधणारा. फ्रेंच शिक्षक सेलेस्तँ फ्रेने (१८९६-१९६६) यांनी यावर वर्गातच छापखाना आणून उपाय शोधला.

पहिल्या महायुद्धात फुफ्फुसाला जखम झाल्याने त्यांना वर्गात फार वेळ बोलणे जड जाई. १९२० मध्ये ते दक्षिण फ्रान्समधील बार-सूर-लू या डोंगराळ गावच्या शाळेत रुजू झाले. ते मुलांना शेतात, कारागिरांकडे नेत. १९२४ च्या सुमारास त्यांनी छोटे मुद्रणयंत्र आणले. मुले मनाजोगत्या विषयावर लिहून वर्गात वाचून दाखवीत. मतदानाने एक मजकूर निवडून सर्व जण मिळून तो सुधारीत आणि खिळे जुळवून स्वतः छापीत. छापलेले पान घरी व परगावी जाणार म्हटल्यावर शुद्धलेखनाला अर्थ आला.

ही पाने समुद्रकाठच्या ब्रिटनीतील एका शाळेत जाऊ लागली. तिकडूनही मजकूर येई. ज्यांनी डोंगर पाहिला नाही, त्यांना तो समजावून सांगायचा, तर नेमके लिहावेच लागे.

या मोकळीकीची किंमतही मोजावी लागली. १९३२-३३ मध्ये सँ-पॉल येथे एका मुलाच्या लेखनाचे निमित्त होऊन वादंग उठले. फ्रेने यांना ती शाळा सोडावी लागली. १९३५ मध्ये त्यांनी वाँस येथे स्वतःची शाळा काढली.

हस्तलिखित असो, भित्तिपत्रक असो वा ब्लॉग, साधन दुय्यमच. आपले लेखन कोणीतरी आवर्जून वाचणार आहे, हा विश्वास मुलाला लिहिते करतो.