पॅड बांधून बसलेला मुलगा

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना ४०४ म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. तसंच दादर-माहीमच्या माणसाला ६६४ म्हटलं की पुरे. फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, हॅरिस शिल्डची सेमीफायनल, शारदाश्रम विरुद्ध सेंट झेवियर्स, सचिन नाबाद ३२६, विनोद नाबाद ३४९. ज्याने ती मॅच पाहिली नाही तोसुद्धा (म्हणजे आपण सगळेच!) स्वतः स्कोअरर असल्यासारखा ते सांगतो.

आता एक प्रश्न. शारदाश्रमच्या दोनच विकेट पडल्या होत्या. मग पुढचा बॅट्समन कोण होता?

तो होता अमोल मुझुमदार. वय वर्षं तेरा. दोन दिवस पॅड बांधून तो तंबूत बसला होता. "आता कोणीतरी आउट होईल, मग मी" असं म्हणत. कोणी आउट झालंच नाही. डाव घोषित झाला आणि अमोलने पॅड सोडले.

आजचा लेख या मुलाबद्दल आहे. आणि पोरांकडून सराव करून घेणं म्हणजे नक्की काय, याबद्दलही. त्यासाठी आधी थोडा इतिहास बघू.

मुंबईच्या शालेय क्रिकेटचे दोन खांब म्हणजे हॅरिस शिल्ड आणि गाइल्स शिल्ड. पहिली सोळा वर्षांखालच्या मुलांची, दुसरी चौदा वर्षांखालच्यांची. हॅरिस शिल्डला ज्यांचं नाव आहे ते लॉर्ड हॅरिस १८९० ते १८९५ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. साहेबाने आपल्या पब्लिक स्कूलमधला खेळ इथे आणला तो "चारित्र्य घडवायला" वगैरे. गिरगाव-दादरच्या पालकांनी मात्र त्यातून वेगळाच अर्थ काढला. तो होता नोकरीचा!

हसू नका. बँका, गिरण्या, सिमेंट कंपन्या, सगळ्यांच्या क्रिकेट टीम होत्या आणि टाइम्स शिल्डमध्ये त्या एकमेकींशी भिडायच्या. चांगलं खेळणाऱ्या पोराला तिथे चिकटता यायचं. अजित वाडेकर स्टेट बँकेत होते, गावसकर निरलॉनमध्ये. त्यामुळे "खेळून काय पोट भरणार आहे?" या प्रश्नाला निदान मुंबईत तरी उत्तर होतं. शाळा, क्लब, ऑफिस, रणजी अशी ती शिडी होती आणि तिची पहिली पायरी म्हणजे शाळेची मॅच.

या शिडीने कोणाकोणाला वर नेलं ते पाहायचं तर एकनाथ सोलकरचं उदाहरण घ्या. गिरगाव चौपाटीजवळच्या हिंदू जिमखान्याच्या ग्राउंड्समनचा हा मुलगा. वडील ज्या मैदानाची निगा राखायचे त्याच मैदानाच्या कडेला तो वाढला. शाळेच्या क्रिकेटमधून वर आला आणि २७ कसोटींत ५३ झेल घेऊन गेला. शॉर्ट लेगला, हेल्मेट नसताना! क्लबाची वर्गणी भरून आत शिरायची ऐपत नसलेल्या घरातलं पोर शाळेच्या नावावर मैदानात उतरू शकत होतं. शालेय खेळाचा सगळ्यात मोठा फायदा मला तरी हाच वाटतो.

आता शिवाजी पार्क. १९२५ साली माहीम पार्क म्हणून खुलं झालं आणि १९२७ साली अवंतिकाबाई गोखल्यांच्या पुढाकाराने त्याला शिवाजी महाराजांचं नाव मिळालं. सुमारे २८ एकरांच्या या जागेत सभा होतात, दसरा मेळावे होतात, कट्ट्यावर लग्नं जुळतात आणि मोडतात. आणि एका कोपऱ्यात नेट लागलेलं असतं. तिथेच कामत मेमोरियल क्लबच्या नेटमध्ये रमाकांत आचरेकर सरांचा कारखाना चालायचा.

सरांची स्वतःची फर्स्ट क्लास कारकीर्द किती? एक मॅच. १९६३-६४ साली, स्टेट बँकेकडून, मोईन-उद-दौला स्पर्धेत. बस. पण चंद्रकांत पंडित, लालचंद राजपूत, बलविंदर संधू, प्रवीण आमरे, अजित आगरकर, रमेश पोवार ही सगळी त्यांच्या हाताखालून गेलेली मंडळी. १९९० साली त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, २०१० साली पद्मश्री.

सरांची पद्धत काय होती? पुस्तकी कोचिंग फार नाहीच. त्यांचा भर मॅचवर. नेटमध्ये आउट झालं तर पुढचा बॉल मिळतो, मॅचमध्ये आउट झालं तर पोरगं झाडाखाली बसतं. म्हणून मॅच खेळा, रोज खेळा. सचिनने आत्मचरित्रात लिहिलंय की पहिल्या उन्हाळ्यात साठ दिवसांच्या सुट्टीत तो पंचावन्न मॅच खेळला. सकाळी नेट, दुपारी मॅच, संध्याकाळी परत नेट. एका मैदानावर लवकर आउट झाला तर सर स्कूटरवर मागे बसवून दुसऱ्या मैदानावर नेणार. आमच्या भाषेत सांगायचं तर सरांचा युनिट टेस्टिंगवर विश्वास नव्हता, थेट प्रॉडक्शन! फक्त चूक झाली तर नुकसान थोडं आणि पुढची संधी लगेच.

शिस्तही होती. शाळेच्या सीनियर टीमची फायनल बघायला म्हणून सचिनने एकदा स्वतःची मॅच बुडवली, तेव्हा सरांनी दिलेल्या थपडेची गोष्ट जगजाहीर आहे. दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवायला जाऊ नकोस, लोक तुझ्यासाठी टाळ्या वाजवतील असं खेळ, असा त्याचा मतितार्थ. (ती थप्पड आज कोणी मारली तर पालक पोलिसात जातील, आणि बरोबरच आहे. थपडेचं कौतुक मला करायचं नाहीये.) आणि कौतुक? नोव्हेंबर २०१३ मध्ये वानखेडेवरच्या निरोपाच्या भाषणात सचिन म्हणाला होता की एकोणतीस वर्षांत सर एकदाही "छान खेळलास" असं म्हणाले नाहीत.

पण मला सगळ्यात आवडते ती रुपयाची गोष्ट. सराव संपत आला, सचिन दमला की सर स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. जो त्याला आउट करेल त्याचा रुपया. कोणीच नाही केलं तर सचिनचा. मैदानावरची सगळी पोरं फिल्डिंगला. अशी तेरा नाणी सचिनकडे आहेत आणि ती त्याने जपून ठेवली आहेत.

ही गोष्ट आपण नेहमी सचिनच्या बाजूने सांगतो. जरा दुसऱ्या बाजूने बघा. बॉल टाकणाऱ्या पोरालाही त्या रुपयाची तेवढीच आशा होती. कव्हरला उभ्या असलेल्यालाही. म्हणजे शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत मैदानावरच्या एकूण एक पोराला जीव तोडून खेळायचं कारण होतं. एका रुपयात एवढ्या पोरांचा सराव! यापेक्षा स्वस्त आणि मस्त योजना मला तरी माहीत नाही.

आता ६६४ कडे परत येऊ. शारदाश्रमने २ बाद ७४८ वर डाव घोषित केला. त्यातले ६७५ दोघांचे, बाकीच्यांचे आणि अवांतर मिळून ७३. सरांना डाव आधीच घोषित करायचा होता. त्यांचे सहायक बाउंड्रीवरून ओरडत होते आणि ही दोन कार्टी मुद्दाम तिकडे बघतच नव्हती. शेवटी सरांचा निरोप पोचला. विनोद ३४९ वर होता, एक रन काढू द्या म्हणत होता, पण सर म्हणाले, नाही. मग त्याच विनोदने ३७ रनमध्ये ६ विकेट काढल्या आणि झेवियर्स १४५ मध्ये गारद झाली.

म्हणजे बघा, त्या दिवशी मैदानावर डाव थांबवायची घाई असलेला माणूस एकच होता, आणि तो कोच होता. विक्रम पोरांना हवा होता, सरांना नव्हता. पुढे आपण सगळ्यांनी लक्षात ठेवला तो विक्रम. सरांचं "पुरे" मात्र विसरलो.

मग काय झालं? आकडे फुगत गेले. २००९ साली सर्फराज खान ४३९. २०१३ साली पृथ्वी शॉ ५४६. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला प्रणव धनावडे नाबाद १००९. रिक्षाचालकाच्या मुलाने १८९९ सालचा इंग्लंडमधला ६२८ चा विक्रम मोडला, टीव्हीवाल्यांनी घर गाठलं. पण त्या मॅचमध्ये समोरच्या शाळेचे दोन डाव ३१ आणि ५२ मध्ये संपले होते, हे किती जणांना आठवतं? २०१९ साली तर हॅरिस शिल्डमध्ये एका शाळेने ७०० च्या वर धावा केल्या आणि समोरची टीम ७ वर ऑल आउट. सातही अवांतर. दहाच्या दहा बॅट्समन शून्यावर. पेपरात ते गंमत म्हणून आलं. त्या दहा पोरांनी दुसऱ्या दिवशी शाळेत कसं तोंड दाखवलं असेल? त्यांच्यातल्या एकाने जरी "आपलं हे काम नाही" म्हणून बॅट माळ्यावर टाकली असेल, तर त्या विक्रमाची किंमत आपण कशात मोजायची?

रुपयाच्या खेळात आणि या विक्रमांच्या खेळात हाच फरक आहे. तिथे हरणाऱ्यालाही उद्या परत यावंसं वाटायचं. इथे जिंकणारा हजार करतो आणि हरणारा घरी जातो. आणि ज्याने हजार केले त्याच्या डोक्यावर त्या हजाराचं ओझं बसतं ते वेगळंच.

आता अमोल. पॅड सोडलेल्या त्या मुलाने १९९४ साली मुंबईसाठी रणजी पदार्पणात २६० केल्या. पदार्पणातला जागतिक विक्रम, जवळजवळ पंचवीस वर्षं टिकला. फर्स्ट क्लासमध्ये ११ हजारांवर धावा, ३० शतकं. २००६-०७ साली कॅप्टन म्हणून मुंबईला रणजी जिंकून दिली. पण भारताकडून एकही मॅच नाही. द्रविड, लक्ष्मण, गांगुली आणि अर्थात सचिन! मधल्या फळीतल्या जागा भरलेल्या. आझाद मैदानावर दोन दिवस वाट बघितली होती, इथे दोन दशकं. दोन्ही वेळा पुढे उभा होता सचिन, आणि दोन्ही वेळा सचिनची काही चूक नव्हती.

या माणसाने कटुता धरून बसायला हवं होतं, नाही का? तो कोच झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये भारताच्या महिला संघाचा मुख्य प्रशिक्षक. ज्या शिल्डांबद्दल मी एवढं लिहिलं, त्या शंभर वर्षं मुलांच्याच होत्या. मुली पॅड बांधून वाट बघत बसल्या होत्या असंही म्हणता येत नाही, त्यांना कोणी पॅडच दिले नव्हते. २०२५ च्या वर्ल्ड कपमध्ये अमोलची टीम साखळीत लागोपाठ तीन मॅच हरली. मग सेमीफायनलला ऑस्ट्रेलियाचे ३३९ चे आव्हान पार केले, मुंबईच्याच जेमिमाच्या नाबाद १२७ मुळे. आणि २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून कप जिंकला. भारताची टोपी कधीच न मिळालेला माणूस वर्ल्ड कप जिंकणाऱ्या भारतीय टीमचा कोच होता.

आचरेकर सर २ जानेवारी २०१९ ला गेले. त्यांनी हे पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी "छान" म्हणाले नसते बहुतेक! डिसेंबर २०२४ मध्ये शिवाजी पार्काच्या पाच नंबर गेटपाशी त्यांचं स्मारक झालंय. कधी गेलात तर जरूर बघा.

पण तिथे उभं राहून फक्त स्मारकाकडे बघू नका, मागे वळून नेटकडेही बघा. एक पोरगं बॅटिंग करत असतं आणि आई-बापांचे मोबाइल त्याच्यावर रोखलेले असतात. त्याच्या पलीकडे पाच-सहा पोरं पॅड बांधून आपल्या नंबराची वाट बघत बसलेली असतात. कोचची खरी परीक्षा त्या पाच-सहांमध्ये आहे. बॅटिंग मिळालेल्याला प्रोत्साहन लागत नाही हो, बॅटवर बॉल आला की तो खूशच असतो. वाट बघणाऱ्याला उद्या परत यावंसं वाटणं, हे कठीण काम. सर ते एका रुपयात करायचे.

असो. रविवार संपत आला. तुमच्या घरात कोणी पॅड बांधून बसलं असेल तर आज त्याला चार बॉल टाका. स्टंपवर रुपया ठेवायला विसरू नका.